ओकचे रोप कोणी लावले?

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात, मे-जून महिन्यांत घरापुढच्या हिरवळीवर एक दृश्य हमखास दिसते. गवत कापायला निघालेल्या माणसाला मध्येच वीतभर उंचीचे, कोवळ्या तांबूस पानांचे एक रोप आढळते. चार पावलांवर दुसरे, फुलझाडांच्या वाफ्यात तिसरे. ही ओक वृक्षाची रोपे असतात. नवल असे, की पुष्कळदा त्या अंगणात ओकचा वृक्षच नसतो. ओकच्या फळाला एकॉर्न म्हणतात. ते साधारण सुपारीएवढे आणि चांगले वजनदार असते. शेवरीच्या बीसारखा त्याला कापूस नाही, पांगाऱ्यासारखे ते शेंगेतही नसते आणि वावळ्याच्या फळासारखा पंखही नाही. झाडावरून सुटले की ते सरळ बुंध्याशी पडते. मग अंगणातले हे रोप लावले कोणी?

प्रश्न पोरकट वाटतो. पण याच प्रश्नाने एकोणिसाव्या शतकात एका शेतीप्रधान गावाला कोड्यात टाकले होते आणि त्याचे उत्तर शोधताना परिस्थितिकी या विज्ञानशाखेतला एक पायाभूत विचार पुढे आला. त्या शोधाची ही हकीकत आहे.

आपल्याकडे ओक हे झाडापेक्षा आडनाव म्हणूनच अधिक परिचित आहे. सह्याद्रीच्या जंगलांत ओक नाही. हिमालयात मात्र त्याच्या अनेक जाती आहेत. गढवाल-कुमाऊँकडे पदभ्रमणाला गेलेल्यांनी बांज नावाचा वृक्ष पाहिला असेल. तोही ओकच.

रोप ओळखायचे कसे?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी रोपाची ओळख करून घेऊ, कारण पुढची सारी हकीकत या ओळखीवरच उभी आहे.

वर्गात आपण घेवड्याचे बी रुजवून दाखवतो. त्यात बीजपत्रे मातीतून वर येतात, हिरवी होतात आणि त्यानंतर खरी पाने फुटतात. वाटाणा आणि हरभरा यांची बीजपत्रे मात्र मातीतच राहतात, वर येतो तो फक्त कोंब. ओकची रीत हरभऱ्याची आहे. एकॉर्नच्या टोकदार बाजूने आधी मूळ बाहेर पडते आणि सरळ खाली जाते. कोंब त्यानंतर वर येतो. बीजपत्रे कवचाच्या आत, मातीखाली, रोपाची शिदोरी म्हणून राहतात. त्यामुळे खात्री करून घ्यायची असेल तर रोपाच्या बुडाशी बोटाने हलकेच माती उकरावी. अर्धवट फुटलेले तपकिरी कवच खोडाला चिकटलेले सापडले, तर रोप ओकचे आहे असे निश्चित समजावे. माती मात्र लगेच सारखी करावी. ती शिदोरी अजून संपलेली नसते.

पाने एकाआड एक येतात आणि खोडाच्या शेंड्याला एकाच ठिकाणी अनेक कळ्या दाटीने असतात. पूर्व अमेरिकेतील ओकचे ढोबळमानाने दोन गट आहेत. पांढऱ्या ओकच्या गटात पानाच्या कडेचे भाग गोलसर असतात. तांबड्या ओकच्या गटात ते टोकदार असून प्रत्येक टोकाला केसासारखा बारीक काटा असतो. अगदी पहिली पाने कधीकधी फसवी असतात, म्हणून जात ठरवायला थोडी वाट पाहावी. पण पांढरा की तांबडा हा भेद लक्षात ठेवावा. तो पुढे खारीच्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

शेतकऱ्यांचे कोडे

मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावाच्या शेतकऱ्यांना एक अनुभव वारंवार येत असे. पाइनचे रान तोडले, की त्या जागी पाइन न येता ओकचे रान उभे राही. ओकचे रान तोडले, की पुष्कळदा तेथे पाइन येई. पाइनचे समजण्यासारखे होते. त्याच्या बीला पंख असतो, वाऱ्यावर ते दूर जाते. पण ओक कोठून येतो?

त्या काळी या प्रश्नाला दोन उत्तरे प्रचलित होती. एक असे, की एकॉर्न जमिनीत कित्येक दशके, कदाचित शतके, निपचित पडून असतात आणि वरचे रान तुटून ऊन मिळाले की जागे होतात. दुसरे असे, की बी नसतानाही मातीतून झाड आपोआप उत्पन्न होऊ शकते. हे दुसरे उत्तर आज हास्यास्पद वाटेल. परंतु जीव निर्जीव पदार्थातून आपोआप जन्मतो की नाही, यावर त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर प्रयोग करीत होता आणि त्याचा प्रसिद्ध प्रबंध प्रकाशित झाला तो १८६१ साली. काँकर्डपासून जवळच, हार्वर्ड विद्यापीठात लुई अगासी हे त्या काळचे ख्यातनाम निसर्गशास्त्रज्ञ होते. प्रत्येक जाती ज्या प्रदेशात आढळते तेथेच ती निर्माण केली गेली, असे त्यांचे मत होते. हे मत मानले तर बी येथून तेथे कसे गेले हा प्रश्नच उरत नाही.

१८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. प्रत्येक जाती एकाच जागी उगम पावून पसरली असेल, तर ती पसरली कशी, हे दाखवणे डार्विनला भाग होते. त्यासाठी त्याने ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात २८ दिवस बुडवून ठेवल्या. त्यांपैकी ६४ प्रकारच्या बिया त्यानंतरही रुजल्या. म्हणजे बियांचा प्रवास हा नुसता शेतीचा प्रश्न राहिला नव्हता, तो जीवसृष्टीच्या इतिहासाचा प्रश्न झाला होता.

एका मोजणीदाराचे निरीक्षण

हे कोडे सोडवायला पुढे आला हेन्री डेव्हिड थोरो. सविनय कायदेभंगावरील निबंधाचा लेखक आणि दक्षिण आफ्रिकेत असताना ज्याचे विचार गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये मांडले तो विचारवंत, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. काँकर्डच्या शेतकऱ्यांना मात्र तो जमिनीची मोजणी करणारा माणूस म्हणून ठाऊक होता. कोणाचे रान कोठे सुरू होते आणि कोठे संपते, केव्हा तुटले आणि आधी तेथे काय होते, हे त्याला पायाखालच्या वाटेसारखे माहीत होते. १८६० च्या सुरुवातीला त्याने डार्विनचा ग्रंथ वाचला. तो ग्रंथ वाचणाऱ्या पहिल्या काही अमेरिकनांपैकी तो एक होता.

त्याचे एक निरीक्षण त्याआधीचे, २४ सप्टेंबर १८५७ चे आहे. नावेतून जाताना काठावर एक तांबडी खार तोंडात काहीतरी मोठे घेऊन पळताना त्याला दिसली. हेमलॉक वृक्षाच्या बुडाशी थांबून तिने पुढच्या पायांनी घाईघाईने खड्डा उकरला, तोंडातली वस्तू आत टाकली आणि वरून माती लोटली. थोरोने किनाऱ्यावर उतरून ती जागा उकरली. सुमारे दीड इंच मातीखाली हिकरी वृक्षाची दोन हिरवी फळे होती, म्हणजे रुजण्यासाठी हव्या तेवढ्याच खोलीवर. आणि हिकरीचे झाड तेथून बरेच दूर होते.

पण एका खारीवरून रान सिद्ध होत नाही. म्हणून त्याने पुढचा प्रश्न विचारला. पाइन तुटल्यावर ओक येतो, तर पाइन उभा असतानाच त्याच्याखाली ओकची रोपे असली पाहिजेत. ती आहेत का? गावाच्या पूर्वेला पाइनचे एक दाट रान होते. कडेला उभे राहून पाहिले तर त्यात पाइनशिवाय काही आहे असे कोणालाही वाटले नसते. थोरो आत शिरला आणि जमिनीकडे पाहू लागला. नजर सरावल्यावर त्याला दिसले, की नेच्यांच्या आणि लहान झुडपांच्या आड साधारण दर पाच फुटांवर ओकचे एक रोप आहे, तीन ते बारा इंच उंचीचे. एके ठिकाणी तर पाइनच्या बुंध्याशी ताजे हिरवे एकॉर्न पडलेले सापडले.

नजर सरावणे हा या शोधातला कळीचा भाग आहे असे आम्हाला वाटते. येथे सूक्ष्मदर्शक नव्हता, रसायन नव्हते. रोप ओळखता येणे एवढीच सामग्री होती.

२० सप्टेंबर १८६० रोजी काँकर्ड येथे मिडलसेक्स कृषी संस्थेच्या जनावरांच्या प्रदर्शनात थोरोने ‘वनवृक्षांचा अनुक्रम’ या विषयावर भाषण केले. त्याचे प्रतिपादन असे होते. खारी आणि पक्षी दरवर्षी एकॉर्न पाइनच्या रानात नेतात व पुरतात. त्यांतली काही खायची राहून जातात आणि रुजतात. दाट सावलीत ती रोपे फार वाढत नाहीत, काही वर्षांनी मरतात आणि त्यांची जागा नवी घेतात. पाइन तुटला, की त्या वेळी जी रोपे हजर असतात त्यांना ऊन मिळते आणि ती झपाट्याने वाढतात. म्हणजे जमिनीत शतकानुशतके झोपलेले बी नको आणि बीवाचून जन्मही नको. दरवर्षीची पेरणी पुरते.

इंग्लंडमधील सरकारी वनांत ओकची लागवड करणाऱ्यांनी अनेक प्रयोगांती असाच निष्कर्ष काढला होता, याकडेही त्याने लक्ष वेधले. आधी पाइन लावून त्यांच्या आडोशाला ओकची रोपे वाढवावीत आणि नंतर पाइन काढून टाकावेत, ही त्यांची पद्धत. खारी ते फार पूर्वीपासून करीत आल्या होत्या.

भाषण ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापले गेले. पण संपादक होरेस ग्रीली यांचे समाधान झाले नाही. जळालेल्या रानात जे काही नवे उगवते ते आपोआपच उगवत असावे, अशी शंका त्यांनी डिसेंबरात पत्राने कळवली. थोरोने त्यांना उत्तर दिले. बी नसेल तेथे रोप येणार नाही, ही त्याची भूमिका ठाम होती.

राई पेरणारा शेतकरी

हा वाद नुसता विद्वानांचा नव्हता, हे दाखवणारा एक प्रसंग थोरोच्या ऑक्टोबर १८६० च्या रोजनिशीत आहे. पाइन तोडलेल्या एका जागी ओकची रोपे किती आहेत हे पाहायला तो गेला. तेथे त्याला दिसले, की मालकाने सारी जागा जाळून राई हे धान्य पेरले आहे. मालकाचा हिशेब सरळ होता. वर्ष-दोन वर्षे थोडे धान्य काढावे, मग रान आपोआप येईलच. थोरो अतिशय चिडला. कारण जे ‘आपोआप’ येणार होते ते त्या जमिनीत आधीच उभे होते, अनेक वर्षांची मुळे घेऊन. मालकाने नेमके तेच जाळले होते. रोप ओळखता न येणे ही त्याला कित्येक वर्षांच्या वाढीला पडलेली किंमत होती.

त्याच डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत तोडलेल्या बुंध्यांवरची वर्तुळे मोजताना थोरोला सर्दी झाली. ती छातीत उतरली आणि त्याचा जुना क्षयरोग बळावला. ६ मे १८६२ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी तो मरण पावला. बियांच्या प्रसारावरील त्याचे मोठे हस्तलिखित अपुरे राहिले. ते ग्रंथरूपाने प्रकाशित झाले १९९३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १३१ वर्षांनी.

दहा लाख वर्षांचे गणित

१८९९ मध्ये क्लेमंट रीड या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. हिमयुगात ब्रिटनमधून ओक हटला होता. आज तो उत्तर स्कॉटलंडपर्यंत आहे. म्हणजे तो सुमारे ६०० मैल उत्तरेकडे सरकला. फळ बुंध्याशी पडून रुजते असे धरले, तर एवढ्या प्रवासाला दहा लाख वर्षे लागतील असा रीडचा अंदाज होता. ६०० मैल म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर. याचा अर्थ वर्षाला जेमतेम एक मीटर. पण हिमयुग संपून झाली आहेत केवळ साडेअकरा हजार वर्षे. तेवढ्यात पोचायचे तर वर्षाला किमान ८४ मीटर हवेत. ही तफावत पुढे ‘रीडचा विरोधाभास’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पक्ष्यांनी एकॉर्न नेली असली पाहिजेत असे रीडनेही म्हटले होते. १९५१ मध्ये जॉन स्केलम यांनी गणिती पद्धतीने दाखवले, की प्राण्यांच्या मदतीवाचून ओकचा हा प्रवास शक्यच नाही.

नेणारा कोण, याचे मोजमाप मात्र बऱ्याच उशिरा झाले. हा पक्षी म्हणजे जे, कावळ्याच्या कुळातला. इंग्रजांनी आपल्याकडच्या नीलपंखाला ‘ब्लू जे’ म्हटले, पण तो निराळ्या कुळातला आहे, त्याचा येथे संबंध नाही. नेदरलँड्समध्ये बोसेमा यांनी युरोपातील जे पक्ष्याचा अभ्यास करून १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. हा पक्षी एका खेपेत अनेक एकॉर्न नेतो, पण पुरतो एकेक, वेगवेगळ्या जागी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो उगवलेली रोपे हेरतो आणि त्यांच्या बुडाची बीजपत्रे काढून पिलांना भरवतो. रोप मात्र बहुधा वाचते, कारण तोवर त्याचे मूळ खोल गेलेले असते.

अमेरिकेत डार्ली-हिल आणि जॉन्सन यांनी १९८१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील निळ्या जे पक्ष्यांचे आकडे दिले. सुमारे ५० पक्ष्यांनी एका हंगामात ओकच्या ११ झाडांवरून अंदाजे १,३३,००० एकॉर्न नेली. ती झाडांवरच्या एकूण पिकाच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. सरासरी अंतर १.१ किलोमीटर. हेच पक्षी बीचवृक्षाची फळे चार किलोमीटरपर्यंत नेतात, असे १९८५ मध्ये आढळले.

हे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. रोपापासून फळ धरण्यापर्यंत २५ वर्षे धरा. एका पिढीत १.१ किलोमीटर म्हणजे वर्षाला ४४ मीटर, आणि चार किलोमीटर म्हणजे वर्षाला १६० मीटर. आपल्याला हवा होता तो ८४ चा आकडा या दोहोंच्या मध्ये येतो. दहा लाख वर्षांचा प्रश्न चोचीच्या मापात येऊन बसतो. अर्थात काही वृक्ष हिमाच्या कडेलाही छोट्या संख्येने टिकून राहिले असावेत असे डीएनएच्या अभ्यासातून सुचवले गेले आहे. तसे असेल तर प्रवास आणखी सोपा होतो.

खारीचा व्यवहार

थोरोला ठाऊक नसलेली एक गोष्ट पुढे कळली. पांढऱ्या ओकचे एकॉर्न शरद ऋतूत पडल्यावर लगेच रुजते. तांबड्या ओकचे एकॉर्न थंडीभर थांबते आणि वसंतात रुजते. खारीच्या दृष्टीने पांढरे एकॉर्न म्हणजे नासणारा माल. साठवले तर मूळ फुटून त्यातला साठा रोपाकडे जाणार. १९८२ मध्ये फॉक्स यांनी दाखवले, की करडी खार पांढऱ्या ओकच्या एकॉर्नचे टोक कुरतडून त्यातला गर्भ काढून टाकते आणि मगच ते पुरते. असे एकॉर्न टिकते, पण कधीच रुजत नाही. तांबड्या ओकचे मात्र ती अखंडच पुरते. म्हणजे खार ही माळी खरी, पण स्वतःच्या सोयीची. अंगणात उगवलेले रोप हे तिचा किंवा पक्ष्याचा विसरलेला किंवा न लागलेला साठा असतो.

रोप वाढवायचे तर

हा इतिहास कळला, की ओकचे रोप वाढवण्याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ते त्यातूनच निघतात.

खार दीड इंच खोल पुरते. आपणही फळाच्या जाडीच्या एक-दोन पट खोलीवर, आडवे लावावे. लावण्याआधी एकॉर्न पाण्यात टाकावीत. तरंगणारी बहुधा किडलेली किंवा सुकलेली असतात. पांढऱ्या ओकची लगेच पेरावीत. तांबड्याची ओलसर वाळूत, चार अंश सेल्सिअसच्या आसपास, दोन-तीन महिने ठेवून मग पेरावीत. कोणतेही एकॉर्न उन्हात वाळवू नये. आंबा-फणसाच्या बियांप्रमाणे हे बी वाळवले की मरते. म्हणूनच ते जमिनीत शतकभर झोपून राहते ही काँकर्डकरांची समजूत टिकणारी नव्हती.

अंगणात उगवलेले रोप हलवायचे असेल तर उशीर करू नये. पहिल्याच वर्षी सोटमूळ खोडाच्या उंचीपेक्षा लांब होते. रोप जेवढे मोठे, तेवढे मूळ तुटण्याचे भय अधिक. उथळ कुंडीत मूळ गोल फिरते, म्हणून कुंडी रुंदीपेक्षा खोल असावी. सर्वांत उत्तम म्हणजे जागा योग्य असेल तर रोप तेथेच ठेवावे आणि भोवती तारेची जाळी लावावी, कारण ससे आणि हरणे कोवळे शेंडे खातात. शेंडा तुटला तरी निराश होऊ नये. मूळ शाबूत असेल तर ते पुन्हा फुटते. पाइनखालची रोपे थोरोच्या नजरेस पडली ती याच चिवटपणामुळे.

आपल्या आवारात

ओक आपल्याकडे नसला तरी प्रश्न आपल्याकडेही तोच आहे. शाळेच्या आवारात पावसाळ्यानंतर कोणीही न लावलेली रोपे उगवतात. भिंतीवर पिंपळ येतो, कुंपणाशी कडुनिंब, वटवाघळांच्या झाडाखाली देशी बदाम. सप्टेंबरात आठवी-नववीच्या मुलांना एक आठवडा यासाठी द्यावा. आवाराचा नकाशा काढून त्यात प्रत्येक रोप दाखवावे. त्याची बीजपत्रे वर आहेत की मातीत, हे पाहावे. त्याच जातीचे सर्वांत जवळचे मोठे झाड शोधावे आणि अंतर पावलांनी मोजावे. मग बी कोणी आणले असेल, याचा प्रत्येक गटाने अंदाज करावा आणि तो अंदाज कोणत्या पुराव्याने खोटा ठरेल तेही लिहावे.

ही वही भरून होईपर्यंत आवारातले गवत कापू नये, एवढे मात्र शिपाईमामांना आधी सांगून ठेवावे.